मुंबईचा उन्हाळा, वळीव आणि मुसळधार: हवामानाचा अंदाज वाचायचा कसा आणि कधी काय करायचं

एप्रिलच्या मध्यावर हवामान विभाग पावसाळ्याचा पहिला अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा झळकतो: यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस. टक्का चांगला असला की आपण निर्धास्त होतो, कमी असला की पाणीकपातीच्या गोष्टी सुरू होतात. पण तुमच्या सोसायटीच्या आवारात पाणी भरेल का, लोकल बंद पडतील का, तळमजल्यावरच्या आजींना वरच्या मजल्यावर न्यावं लागेल का, यातलं काहीही त्या टक्क्यातून कळत नाही.

दोन वर्षं आठवून पाहा. २००५ साली देशभरातला मोसमी पाऊस सरासरीच्या ९९ टक्के झाला, म्हणजे अगदी नेमस्त वर्ष. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. २०१७ साली देशाचा पाऊस ९५ टक्क्यांवरच थांबला, तरी २९ ऑगस्टला मुंबई कंबरभर पाण्यात होती. कोरड्या वर्षातही मुंबई बुडते आणि ओल्या वर्षातही एखाद्या गल्लीत पाणी भरत नाही. म्हणून ‘यंदा पाऊस किती’ हा आपला प्रश्नच नव्हे. किती तासांत पडणार, तेव्हा भरती आहे की ओहोटी, आणि आपण उभे आहोत ती जागा सखल आहे का, हे तीन प्रश्न आपले.

त्यांची उत्तरं एका अंदाजातून मिळत नाहीत. चार महिन्यांचा अंदाज, दोन आठवड्यांचा, पाच दिवसांचा आणि पुढच्या तीन तासांचा, हे चारही वेगवेगळ्या कामांचे आहेत. कुठला अंदाज कुठल्या कामाला जुंपायचा हे एकदा बसलं की धावपळ निम्मी होते.

पायरी १: मोसमाचा आकडा वाचा आणि बाजूला ठेवा

हवामान विभागाचा पहिला दीर्घकालीन अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो, सुधारित अंदाज मेच्या अखेरीला. त्यातली ‘सरासरी’ म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांतली जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी, ८७ सेंटिमीटर. पाऊस ९६ ते १०४ टक्क्यांत असला की तो सरासरीइतका, १०५ ते ११० सरासरीपेक्षा जास्त, ९० ते ९५ सरासरीपेक्षा कमी. हा सगळा हिशेब देशाचा. एकट्या मुंबईत याच चार महिन्यांत कुलाब्याला साधारण २,१०० आणि सांताक्रूझला साधारण २,३०० मिलिमीटर पाऊस होतो. देशाचा टक्का पाचाने हलला म्हणून आपल्याकडचं पाणी तुंबायचं काही थांबत नाही.

एल निनोच्या बातम्यांनाही एवढंच महत्त्व द्या. प्रशांत महासागर तापला की आपला मोसमी पाऊस अशक्त होण्याकडे कल असतो हे खरं, पण १९९७ साली फार मोठा एल निनो असूनही देशाचा पाऊस १०२ टक्के झाला. एल निनोचं वर्ष आहे म्हणून गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षावर ढकलू नका.

मग हा आकडा कुठे वापरायचा? पाण्यासाठी. तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांवर मुंबई जगते. अंदाज कमी असेल आणि मेमध्ये तलाव खाली गेले असतील, तर टाकीची गळती, फ्लशची गळती यांची दुरुस्ती तेव्हाच उरका. गावी भातशेती असेल तर बियाण्याच्या बेतासाठीही तो कामाचा. यापुढे दर महिनाअखेरीला पुढच्या महिन्याचा अंदाज येतो आणि दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा. गुरुवारचा तो अंदाज वाचायची सवय लावून घ्या. कोकण किनाऱ्यावर पुढच्या आठवड्यात पावसाचा जोर वाढणार की उघडीप राहणार, एवढं त्यातून बऱ्यापैकी कळतं. गावाला जाणं, लग्नाचा हॉल, घराची रंगरंगोटी, रुग्णाची ठरवून करायची शस्त्रक्रिया, अशा तारखा त्यावर बेताव्यात.

पायरी २: मार्च ते मे, ऊन आणि वळीव

मुंबईचा उन्हाळा थर्मामीटरवर विदर्भासारखा दिसत नाही, म्हणून फसवतो. समुद्रकाठच्या ठिकाणी तापमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की हवामान विभाग उष्णतेची लाट धरतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे जोरात असले की समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा शिरतो आणि मधल्या तासांत पारा चढतो. मेमध्ये पारा त्यामानाने कमी, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या समारंभात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले, हे आपल्याच शेजारी घडलं. ‘उष्ण व दमट’ असा इशारा दिसला की दुपारी बारा ते चारची उन्हातली कामं, मुलांचे क्रिकेटचे सामने, वरात, प्रचारफेरी पुढे ढकला. माणूस बरळायला लागला, त्वचा तापली, तर सरबत पाजत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

वळवाचं नुकसान पाण्यापेक्षा वाऱ्याने जास्त होतं. १३ मे २०२४ला दुपारी धुळीचं वादळ उठलं आणि घाटकोपरला पेट्रोलपंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. सकाळी आभाळ निरभ्र होतं म्हणून संध्याकाळी काही होणार नाही असं मेमध्ये मानू नये. ढग डोंगराकडून, पूर्वेकडून चढतात आणि अर्ध्या तासात अंधारून येतं. तेव्हा होर्डिंग, बांधकामाची परांची, पत्र्याची शेड, जुनं झाड यांच्याखाली आडोसा घेऊ नका. वीज कडाडत असेल तर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडते आहे का ते दाखवतं. ते फोनमध्ये असावं.

मे-जूनमध्ये अरबी समुद्र तापलेला असतो. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं. १७ मे २०२१ला ‘तौक्ते’ मुंबईला धडकलंही नाही, किनाऱ्यापासून दूर समुद्रातून गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरहून जोराचा वारा झाला आणि सांताक्रूझला मे महिन्यात कधी नोंदला नव्हता एवढा, २३० मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडला. वादळाच्या नकाशावरची मधली रेघ आपल्यावरून जात नाही म्हणून निश्चिंत राहू नये, ते यासाठी.

मोसमी पाऊस मुंबईत पोहोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला, १९५०पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर, आणि त्याच दिवशी वरळीचं आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्थानक पाण्याने भरलं. ‘मृग लागेपर्यंत वेळ आहे’ हा हिशेब आता धरू नका. पुढच्या पायरीतली सगळी कामं १५ मेच्या आत संपलेली असावीत.

पायरी ३: गच्चीपासून मोरीपर्यंत

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमच्या इमारतीची गच्ची २०० चौरस मीटर असेल, तर १०० मिलिमीटरच्या दिवशी तिच्यावर २०,००० लिटर, म्हणजे दोन मोठे टँकर ओतले जातात. हे सगळं तीन-चार पाइपांतून खाली जायचं असतं.

आता त्या पाइपाच्या तोंडाशी बसून पाहा, खरंच बसून. लोखंडी जाळी असते, तिच्यावर कबुतरांची पिसं, संक्रांतीचा मांजा, कुंडीतून वाहिलेल्या लाल मातीचा थर, वाळलेली पिंपळाची पानं आणि केबलवाल्याने टाकून दिलेले वायरचे तुकडे. जाळी उचलली की आत बोटभर गाळ. तो काढून एक बादली पाणी ओता. पाणी गुळगुळत, घुटमळत उतरलं तर पाइप खाली कुठेतरी तुंबलाय. सर्रकन गेलं तर ठीक. खाली आवारात कुणाला तरी उभं करा आणि पाणी बाहेर कुठे पडतं ते बघायला सांगा. अनेक जुन्या इमारतींत पाइप खालच्या मजल्यावर निखळलेला असतो आणि पाणी भिंतीतच मुरत असतं. वर गळती शोधत बसतात आणि दोष असतो मधल्या सांध्यात.

गच्ची गळते का, हे पावसाची वाट न पाहता कळतं. पाइपांची तोंडं चिंध्यांनी बंद करून गच्चीवर दोन-तीन इंच पाणी साठवा, एक-दोन दिवस ठेवा आणि खालच्या घरांच्या छताला ओल येते का ते पाहा. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, कारण त्या पाण्याचं वजनही फार असतं. डांबर मारून भागेल की कोबा नव्याने करावा लागेल, हा निर्णयही त्यांच्याकडूनच घ्या. ताडपत्री अंथरून वर विटा ठेवायची पद्धत एका मोसमापुरती चालते, पण वाऱ्यात त्याच विटा खालच्या माणसाच्या डोक्यावर येतात. विटांऐवजी वाळूच्या गोण्या दोरीने बांधा. ग्रिलमधल्या कुंड्यांनाही हाच नियम.

आवारातलं झाड वाकलेलं किंवा पोखरलेलं असेल तर स्वतःहून कुऱ्हाड लावता येत नाही, पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. अर्ज मार्च-एप्रिलमध्येच करा. मेअखेरीला तिथे अर्जांची रीघ लागलेली असते.

मीटर रूम तळमजल्यावर असेल, आणि बहुतेक ठिकाणी असतेच, तर तिचा उंबरठा किती उंच आहे ते मोजा. मागच्या वर्षी आवारात पाणी कुठवर आलं होतं याची खूण भिंतीवर अजून दिसते. उंबरठा त्याहून खाली असेल तर विटांचा बांध घालून घ्या. लिफ्टच्या खड्ड्यातला आणि जमिनीखालच्या टाकीजवळचा पंप चालवून पाहा. पिण्याच्या टाकीचं झाकण जमिनीशी समतल असेल तर पावसाचं गटारमिश्रित पाणी सरळ आत जातं. त्याचं तोंड वीतभर तरी उंच करून घ्या. सोसायटीच्या एका मीटिंगमध्ये एकच विषय घ्यायचा असेल तर मी हा घेईन, कारण टाकी बिघडली की अख्खी इमारत एकदम आजारी पडते.

तळमजल्यावर, चाळीत, बैठ्या घरात राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून आणि संडासातून उलटं येतं. वाळू भरलेली, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गोणी तयार ठेवा आणि पाणी चढायला लागलं की दोन्ही तोंडांवर बसवा. फ्रीज आणि वॉशिंग मशीन विटांवर चढवा, वायरचे बोर्ड कमरेच्या वर घ्या. रेशनकार्ड, मालमत्तेचे कागद, शाळेचे दाखले जाड पिशवीत घालून माळ्यावर ठेवा आणि त्यांचे फोटो गावच्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवरही पाठवून द्या.

घरात डायलिसिसचा रुग्ण, ऑक्सिजनच्या मशीनवरचं माणूस किंवा दिवस भरत आलेली बाई असेल तर तिची तयारी आधी. डायलिसिसच्या केंद्राला मेमध्येच विचारा: मुसळधार पावसाचा इशारा असेल तर पाळी एक दिवस आधी घेता येईल का? घराजवळ दुसरं केंद्र कुठलं? ऑक्सिजनच्या मशीनसाठी वीज गेल्यावर किती तास निभेल, भरलेला सिलिंडर कुठून येईल? औषधं आठवडाभराची जास्त ठेवा.

पायरी ४: भरतीचं गणित शिका

मुंबईचं पावसाचं पाणी शेवटी समुद्रात जातं, आणि बहुतेक नाल्यांची मुखं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. समुद्र वर आला की नाल्यातलं पाणी बाहेर पडत नाही, उलट समुद्राचंच आत येऊ पाहतं. म्हणून नाल्यांच्या मुखांवरची दारं बंद करावी लागतात आणि हाजीअली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ईर्ला, ब्रिटानिया, गझदरबंध इथले पंप जेवढं उपसतील तेवढंच. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेली, तीही ओहोटी धरून. पुढची कामं तासाला ५० मिलिमीटर धरून झाली. याचा अर्थ असा की दिवसभर रिपरिप होऊन १०० मिलिमीटर पडला तर शहर चालू राहतं, आणि भरतीच्या वेळी एका तासात ७० पडला तर हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे तुंबतात. २६ जुलै २००५ला दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, हा त्या दिवसाचा अर्धा इतिहास आहे.

पालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची आणि वेळांची यादी प्रसिद्ध करते. ती यादी छापून फ्रीजवर लावा. यादी हाताशी नसेल तर किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचं गणित वापरा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बारा. एखादा तास पुढेमागे होतो, पण मासळी आणायला किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायला जसं हे चालतं तसंच घरून निघायच्या वेळेलाही चालतं. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सर्वांत मोठं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे कमी.

या गणितातून एक गोष्ट आपोआप निघते. उधाणाच्या दिवसांत मोठी भरती बहुधा भर दुपारी येते. सकाळी ऑफिस गाठताना रस्ता कोरडा दिसतो आणि शाळा सुटायच्या वेळेला पाणी भरतं. भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतचा काळ धोक्याचा धरा. त्या चार तासांत जोरदार पाऊस असेल तर जिथे आहात तिथेच थांबणं शहाणपणाचं.

पायरी ५: रंग आणि मिलिमीटर

पाच दिवसांचे इशारे रोज येतात, जिल्हावार. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड हे सगळे वेगळे. वाहिनीवर ‘रेड अलर्ट’ अशी पट्टी धावते तेव्हा तो रायगडचा आहे की आपला, हे आधी पाहा. पण तुम्ही बदलापूर, कर्जत किंवा कसाऱ्याहून येत असाल तर ठाण्या-रायगडचा इशाराही तुमचाच. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तो पूर उल्हास नदीचा होता.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार आणि २०४.४च्या वर अत्यंत जोरदार. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. त्यामुळे रात्री पडलेला पाऊस कुठल्या तारखेच्या खात्यात गेला हे पाहिल्याशिवाय दोन बातम्यांतले आकडे जुळत नाहीत. कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन वेधशाळांची ठिकाणंही एकमेकांची साक्ष देत नाहीत. २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ असताना कुलाब्याला फक्त ७३ होता. कुर्ल्याच्या माणसाने कुलाब्याचा आकडा ऐकून घराबाहेर पडू नये.

रंग म्हणजे पावसाचं माप नव्हे, तुम्ही काय करायचं याचं सांगणं आहे. हिरवा: नेहमीचे व्यवहार. पिवळा: लक्ष ठेवा, संध्याकाळी पुन्हा अंदाज पाहा. नारिंगी: तयार राहा. त्या रात्री फोन आणि पॉवर बँक चार्ज, गाडी सखल पार्किंगमधून उंचावर, दूध-औषधं घरात, ऑफिसला सांगून ठेवा. लाल: कृती करा, म्हणजे आपल्यापुरतं बोलायचं तर बाहेर पडू नका. नारिंगीचा ऐन वेळी लाल होतो, आणि कधी लाल असून ऊन पडतं. एकदा चुकला म्हणून पुढच्या इशाऱ्याकडे काणाडोळा करणं फार महागात पडतं. किनाऱ्याला समांतर, गुजरातपासून केरळपर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा जोर धरतो तेव्हा ढगांची ओळ वीस-तीस किलोमीटर उत्तरेला सरकली तर डहाणू भिजतं, दक्षिणेला सरकली तर अलिबाग. एवढा नेमका सरकाव चोवीस तास आधी कुणालाच सांगता येत नाही.

पायरी ६: त्या दिवशी सकाळी

मोसमी पावसाचा जोर आपल्याकडे बरेचदा पहाटे असतो. उठल्यावर तीन गोष्टी पाहा. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर किंवा ‘मौसम’ ॲपवर पुढच्या तीन तासांचा इशारा, मुंबईच्या रडारचं चित्र, आणि भरतीची वेळ.

रडारचं चित्र वाचणं अवघड नाही. निळा-हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा-लाल म्हणजे दणका. एका चित्रावर समाधान मानू नका, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन चित्रं पाहा. लाल ठिपका पुढे सरकतोय का? पश्चिमेकडून आला आणि ठाण्याकडे गेला तर सर आली आणि ओसरली. पण समुद्रावर एकामागून एक ठिपके उगवतायत आणि सगळे एकाच वाटेने शहरावर येतायत असं दिसलं, तर तो दिवस साधा नाही. बाहेरच्या सरीला उघडीप मिळाली तरी निघू नका.

समाजमाध्यमांवर फिरणारे व्हिडिओ जुने असतात. २०१७चं परळ आणि २०१९चा मालाड दरवर्षी नव्याने बुडतात. रस्त्यावर पाणी आहे का हे विचारायला पालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. झाड पडलं, मॅनहोल उघडं दिसलं, भिंत कलली, तर तक्रारही तिथेच. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसाठी ११२.

पायरी ७: पाण्यात सापडलात तर

चालताना रस्त्याच्या मधोमध चाला असं काहीजण सांगतात, फुटपाथकडेने चाला असं काहीजण. कुठूनही चाला, पण हातात काठी किंवा बंद छत्री धरून पुढची जमीन चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नका. २९ ऑगस्ट २०१७ला शहरातले एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाणी उतरावं म्हणून स्वतः मॅनहोल उघडणं हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. विजेचा खांब, फीडर पिलर (रस्त्याकडेची विजेची पेटी), लोखंडी रेलिंग यांना हात लावू नका.

गाडीत असाल तर सबवेत शिरूच नका. २ जुलै २०१९ला मालाडच्या सबवेत गाडीत अडकून दोघांचा जीव गेला. २००५लाही अनेकांचे प्राण बंद गाडीतच गेले. पाणी चाकाच्या मध्यावर आलं की गाडीचा मोह सोडा, काचा खाली करा, दार उघडतंय तोवर बाहेर पडा. विजेवरच्या काचा आणि लॉक पाण्यात अडकतात, म्हणून काच फोडायची छोटी हातोडी हाताशी हवी, डिकीत नको. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो आणि साध्या विम्यात तो बहुधा मिळत नाही. ती तशीच ठेवून टोईंगवाल्याला बोलवा. इंजिनासाठी वेगळी पुरवणी घेतलीय का, हे पॉलिसी काढून आजच बघा.

लोकलमध्ये अडकलात तर रुळांवर उतरून चालू लागायची घाई नको. गाडीचा डबा उंच असतो, रुळांच्या बाजूची गटारं पाण्याखाली दिसत नाहीत. घरात पाणी शिरलं तर मेन स्विच आधी बंद करा, तोही कोरड्या जागी उभं राहून हात पोहोचत असेल तरच. मग गॅसचा रेग्युलेटर.

डोंगरउतारावर, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, चेंबूर, मालाड इथे राहणाऱ्यांनी पाणी भरायची वाट पाहायचीच नाही. त्यांचा धोका वरून येतो. २०१९ला मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत रात्री कोसळली, २०२१ला चेंबूरच्या भारतनगरमध्येही रात्रीच, २०२३ला रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड आली तीही रात्री. संरक्षक भिंतीला पोट आलंय, तिच्यातल्या पाणी निघायच्या भोकांतून एरवी येणारं पाणी बंद झालंय किंवा अचानक गढूळ येतंय, घराच्या दाराची चौकट आवळलीय, उतारावरचा खांब कललाय: यातलं एक जरी दिसलं आणि दोन दिवस संततधार असेल, तर अंधार पडायच्या आत लेकरांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन पालिकेच्या शाळेत नाहीतर नातेवाइकांकडे जा. धोकादायक म्हणून नोटीस लागलेल्या इमारतीतल्यांनाही हेच सांगणं. सामान मागून नेता येईल.

पायरी ८: पाणी ओसरल्यावर

साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढा. घरात पाणी कुठवर आलं ती रेघ, भिजलेल्या वस्तू, सगळं. पंचनामा आणि विमा दोन्हींना तेच लागतं. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय बटणं चालू करू नका. टाकीत बाहेरचं पाणी गेलं असेल तर ती पूर्ण रिकामी करून धुवा, आणि तोवर पाणी वीस मिनिटं खळखळून उकळून प्या. रबरी बूट आणि हातमोजे घालूनच गाळ काढा.

साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर पाय साबणाने धुवा आणि पायाला जखम, चिरा, चिखल्या असतील तर त्याच दिवशी किंवा फार तर बहात्तर तासांत डॉक्टरांकडे जा. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो आणि तो टाळायला डॉक्सिसायक्लिन देतात. ती गोळी मनाने घेऊ नका, गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी औषध वेगळं असतं. लेप्टो लगेच दिसत नाही, बहुतेकांना आठवडा-दोन आठवड्यांनी ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि तोवर पाण्यात चाललेला दिवस आपण विसरलेलो असतो. म्हणून पुढचे तीन-चार आठवडे ताप आला, की तो मलेरियाचा किंवा डेंगीचा असेल असं स्वतःच ठरवून घरी बसू नका. दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही पाण्यातून कधी आणि किती वेळ चालला होतात ते त्यांना आपणहून सांगा.